रिकाम्या नाट्यगृहातील पावले

(सिनेगॉगच्या सभागृहात मोत्साए शब्बाथच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले)



आपल्या सेक्रेटरींनी महिन्यापूर्वी मला फोन केला आणि म्हणाले, "काका, तुम्ही इंग्लंडात असताना एका भुताच्या थिएटरात रात्र काढली होती म्हणे. ती हकीकत सर्वांना सांगाल का?" मी म्हणालो, "एक नव्हे, दोन रात्री काढल्या. पण आजच ही आठवण का झाली?" तेव्हा त्यांनी जरा संकोचाने कारण सांगितले. आपले जुने शमाश गेल्या वर्षी याच इमारतीत, खालच्या तळघराच्या जिन्यावर कोसळून वारले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून मुले तळघरात जात नाहीत. मालिद्याची ताटे आणायची असली तर एकमेकांकडे बघतात. रात्री तेथे किल्ल्यांचा जुडगा वाजतो, असे ती सांगतात. काही मोठी माणसेही हसता हसता तेच सांगतात, आणि हसून झाल्यावर खाली मात्र जात नाहीत.

म्हणून आज मी गोष्ट सांगणार आहे ती करमणुकीची असली, तरी केवळ करमणुकीसाठी नाही.

माझे बालपण रेवदंड्याला गेले. आमच्या घरी शब्बाथला दिवा लागे आणि प्रत्येक संकटात एलियाहू हानाबीचे नाव निघे. पण शेजारच्या वाडीतील गिऱ्हा, खवीस, मुंजा आणि हडळ ही मंडळीही आम्हां मुलांना तितकीच परिचित होती. माझी आजी तिन्हीसांजेनंतर शीळ घालू देत नसे. पुढे १९६८ साली मी इंग्लंडला गेलो आणि नाट्यगृहांत वायरमनचे काम करू लागलो. पहिल्याच आठवड्यात रंगमंचामागे मी शीळ घातली आणि एक म्हातारा कामगार अंगावर धावून आला! मला वाटले, आजी येथेही पोहोचली. त्याने नंतर कारण सांगितले. पूर्वीच्या काळी पडदे ओढण्याच्या कामावर जहाजावरचे खलाशी ठेवीत, कारण दोरखंडांची विद्या त्यांना अवगत. ते एकमेकांना शिट्टीने खूण करीत. कोणी उगाच शीळ घातली, तर वरून जड पडदा एखाद्याच्या डोक्यावर यायचा. नाट्यगृहांत ही कथा परंपरेने सांगतात. त्या दिवशी मी एक गोष्ट मनाशी बांधली: भीतीच्या तळाशी पुष्कळदा एखाद्या माणसाचा खराखुरा अपघात असतो.

जुन्या नाट्यगृहांत भुतांना तोटा नाही. सर्वांत प्रसिद्ध लंडनच्या ड्रुरी लेनमधील थिएटर रॉयल. त्या जागेवर पहिले नाट्यगृह १६६३ साली उघडले. आज उभी असलेली इमारत त्याच जागेवरची चौथी असून ती १८१२ सालची आहे. तेथील भुताला 'राखाडी वेषातला माणूस' म्हणतात. डोक्यावर तीन कोनांची टोपी, पावडर लावलेला केसांचा टोप आणि राखाडी झगा अशा थाटात तो वरच्या सज्ज्यातील एका रांगेतून चालत जातो आणि भिंतीत नाहीसा होतो. तो रात्री नव्हे, दिवसा दिसतो आणि त्याचे दर्शन नाटकाला शुभ मानतात. भिंतीआड एक सांगाडा सापडला, त्याच्या बरगड्यांत सुरा होता, अशीही कथा त्याला जोडलेली आहे.

मी वायरमन. मला तारा कोठून कोठे गेल्या हे पाहण्याची सवय. या कथेची तार तपासली तर काय दिसते? ते प्रेक्षागृह आतून १९२२ साली नव्याने बांधले गेले. म्हणजे अठराव्या शतकातील हा गृहस्थ ज्या रांगेतून चालतो, ती रांग विसाव्या शतकातली. दुसरे असे की, ड्रुरी लेनमध्ये खरोखर एक मनुष्यवध झाला होता. १७३५ साली चार्ल्स मॅक्लिन नावाच्या नटाने, केसांच्या एका टोपावरून भांडण होऊन, थॉमस हॅलम या नटाच्या डोळ्यात काठी खुपसली आणि हॅलम त्यात मरण पावला. मॅक्लिनवर खटला झाला, पण पुढे कित्येक वर्षे तो रंगमंचावर गाजत राहिला. आज लोक राखाडी माणसाबद्दल विचारतात, हॅलमबद्दल फारसे कोणी विचारीत नाही. हे कृपया लक्षात ठेवा, शेवटी मी तेथेच येणार आहे.

आता माझी हकीकत. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका लहान गावात मी तेव्हा कामाला होतो. त्या नाट्यगृहाचे नाव घेत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ती वास्तू. प्लॅस्टरची फुले, मखमली खुर्च्या, आणि एके काळच्या गॅसच्या नळ्या अजून भिंतीत. तेथे एक 'राखाडी बाई' होती. प्रियकराने फसवलेली नटी, तिने वरच्या सज्ज्यातून उडी घेतली म्हणे. मध्यरात्रीनंतर रंगमंचाच्या माथ्यावर तिची पावले वाजत. तिसऱ्या रांगेतील काही खुर्च्यांपाशी एकाएकी थंडी वाजे. २००१ च्या हिवाळ्यात गोष्ट अशा थराला गेली की सफाई करणाऱ्या बाईंनी काम सोडले. त्या विधवा होत्या, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाले. भीतीची चेष्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या बाईंना भुताने काही केले नव्हते, पण त्यांची भाकर मात्र गेली होती.

तेव्हा व्यवस्थापकांनी एका हौशी संशोधकांच्या गटाला बोलावले. पाच माणसे होती. किल्ल्या आणि विजेची बटणे माझ्याकडे, म्हणून मी सहावा.

त्यांचा प्रमुख निवृत्त शाळामास्तर होता. त्याची शिस्त मला आवडली. त्याने पाचांपैकी दोघांना त्या वास्तूच्या कथा मुद्दाम सांगितल्याच नव्हत्या. प्रत्येकाला प्रेक्षागृहाचा नकाशा दिला आणि बजावले, की जे जाणवेल ते वेळेसह लिहा, पहाटेपर्यंत एकमेकांशी बोलू नका. दारांना दोरे बांधून मेण लावले, जिन्यावर पीठ पसरले, चार ठिकाणी तापमापक ठेवले आणि ध्वनिमुद्रण यंत्र सुरू केले.

त्या मास्तरांनी जेवताना आम्हांला एक खरी घटना सांगितली. कॉव्हेंट्री येथे विक टँडी नावाचे एक अभियंते वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत. रात्री तेथे अंगावर काटा येई, मन खिन्न होई. एकदा त्यांना डोळ्याच्या कडेने एक राखाडी आकृती दिसली, वळून पाहताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीचे पाते शिकंज्यात धरले, तर ते आपोआप थरथरू लागले. शोध घेता एका पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहत होती असे आढळले. इतका खर्ज आवाज कानाला ऐकू येत नाही. त्यांनी १९९८ साली हे प्रसिद्ध केले. आमच्या छतातही एक जुना पंखा होता, म्हणून ठरले की पहिल्या रात्री तो चालू ठेवायचा आणि दुसऱ्या रात्री बंद.

अकरा वाजता बॉयलर बंद झाला. सर्व दिवे मालवले. रंगमंचाच्या मधोमध एका दांड्यावर एकच दिवा तेवत ठेवला. अनेक नाट्यगृहांत असा दिवा रात्रभर ठेवतात. त्याला 'भुताचा दिवा' म्हणतात, पण त्याचे काम साधे आहे: सकाळी प्रथम येणारा माणूस अंधारात वादकांच्या खड्ड्यात पडू नये.

बंधुभगिनींनो, रिकामे घर आणि रिकामे नाट्यगृह यांत फरक आहे. रिकाम्या घरात कोणी नसते. रिकाम्या नाट्यगृहात शेकडो खुर्च्या तुमच्याकडे तोंड करून बसलेल्या असतात. त्या एका दिव्याकडे मी टक लावून पाहिले, तर तो हलू लागला. संपूर्ण अंधारात स्थिर ठिपका हलल्यासारखा दिसतो, डोळ्याचा हा धर्म मला माहीत होता. माहीत असूनही तो हलत होता!

साडेबाराच्या सुमारास डोक्यावर पाऊल वाजले. मग दुसरे, तिसरे. डावीकडून उजवीकडे कोणी सावकाश चालत होते. सात पावले, मग शांतता. मी तुमच्यापाशी खोटे बोलणार नाही. माझ्या ओठांवर शेमा आले. तेहतीस वर्षे ज्याने विजेवर काम केले, त्या माणसाची सारी वीज त्या क्षणी गेली.

पहाटे मी मास्तरांना म्हणालो, "मी वर जातो." लोखंडी शिडीने रंगमंचाच्या माथ्यावर गेलो. तेथे फळ्या होत्या, दोरखंड होते आणि इमारतीच्या रुंदीइतक्या लांब तुळयांची रांग होती. गरम पाण्याचा मुख्य नळ डाव्या भिंतीने वर येत होता. बॉयलर बंद झाला की लोखंड डावीकडून निवू लागे. निवता निवता आकसे, आणि एकेक सांधा एकेक ठोका देई. पावले चालत नव्हती, थंडी चालत होती.

परंतु असे म्हणून भागत नाही, ते पडताळावे लागते. दुसऱ्या रात्री आम्ही बॉयलर दोन वाजेपर्यंत चालू ठेवला. साडेबाराला एकही पाऊल वाजले नाही. साडेतीनला वाजली.

थंड खुर्च्यांचे कोडे मी माझ्या पद्धतीने सोडवले. गावातल्या गुजराती दुकानातून उदबत्त्यांचा पुडा आणला. तिसऱ्या रांगेत एक पेटवून धरली. धूर सरळ वर न जाता माझ्या छातीकडे वळला. रंगमंचाच्या माथ्याची पोकळी फार उंच असते, तेथील हवा निवून खाली उतरते. आगीपासून बचावासाठी लावलेला लोखंडी पडदा खाली बसताना एका बाजूने बोटभर वर राहत होता. त्या फटीतून वारा नेमका तिसऱ्या रांगेवर येई. कामगारांनी पडद्याचा तळ नीट बसवला आणि बाई थंडीसह निघून गेली.

राखाडी रंगाचेही कारण आहे. अंधूक उजेडात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत. ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि त्या डोळ्याच्या मध्यावर नसून कडेला दाट असतात. म्हणून भूत कडेने दिसते, वळले की दिसत नाही, आणि ते कधी पोपटी किंवा जांभळे नसते.

पंख्याविषयी मात्र आमची निराशा झाली. ज्यांना कथा ठाऊक होत्या त्या तिघांनी वरच्या सज्ज्यात दोन्ही रात्री अस्वस्थता नोंदवली, पंखा चालू असो वा बंद. ज्यांना ठाऊक नव्हत्या त्या दोघांनी तेथे काहीच लिहिले नाही. पाच माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातील संशोधकांनी एक मुद्दाम 'झपाटलेली' खोली तयार केली, त्यात अश्राव्य ध्वनी आणि विद्युत्चुंबकीय क्षेत्रे सोडली आणि ७९ माणसांना एकेक करून तेथे बसवले. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुष्कळांना काही ना काही जाणवले, परंतु यंत्रे चालू असण्याशी त्याचा संबंध लागला नाही. मनुष्य सूचनेला किती सहज वश होतो, हेच अधिक पटणारे कारण ठरले. म्हणजे टँडींचा पंखा ही एका खोलीची किल्ली होती, सर्व कुलपांची नव्हे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या सकाळी बाजूच्या एका दाराचा दोरा तुटलेला आढळला. पिठावर पाऊल नव्हते. आमच्यापैकी कोणी विसरून दार लोटले असेल, मेण सैल झाले असेल. कारण सापडले नाही. अहवालात आम्ही तसेच लिहिले.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण गरम पाण्याच्या नळांचा जुना नकाशा शोधताना कार्यालयाच्या कपाटात मला पगाराच्या जुन्या वह्या सापडल्या. त्यांतील १९११ च्या डिसेंबरात, नाताळच्या खेळांच्या हंगामात, एका नावापुढे पगाराचे आकडे एकदम थांबले होते. समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, की रंगमंचाच्या माथ्यावरून पडून मृत्यू, वय १९, आईला रक्कम दिली. खालच्या ओळीपासून इतरांचे पगार नेहमीप्रमाणे चालू.

वह्या मी मास्तरांसह पुढच्यामागच्या सर्व चाळल्या. उडी घेतलेल्या नटीचा कोठे मागमूस नव्हता. ती बहुधा कोणाच्या तरी कल्पनेतून आली. खरोखर मेला होता तो दोर ओढणारा एक पोरगा. रखवालदारापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना त्या खोट्या बाईची कथा पाठ होती. त्या खऱ्या मुलाचे नाव मात्र एकालाही ठाऊक नव्हते.

मला तेव्हा आपल्याच लोकांची एक गोष्ट आठवली. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात, जेथे पूर्व युरोपातून पळून आलेले गरीब यहुदी कामगार राहत, यिद्दिश नाटकांसाठी हिब्रू ड्रमॅटिक क्लब होता. जेकब ॲडलर यांच्यासारखा थोर नट तेथे काम करी. १८ जानेवारी १८८७ च्या रात्री खेळ चालू असताना कोणीतरी "आग!" असे ओरडले. आग नव्हतीच. पण दाराकडे लोंढा लोटला आणि चेंगराचेंगरीत १७ माणसे मेली. ॲडलर पुढे लवकरच अमेरिकेला गेले. त्या गल्लीचे नाव आता बदलले आहे. लंडनमध्ये असताना मी तेथून अनेकदा गेलो. तेथे भूत दिसते असे मला कोणी कधी सांगितले नाही.

विचार करा. तीन कोनी टोपीच्या सरदाराला भूत होण्याचा मान मिळतो, न झालेल्या नटीला मिळतो. शिवणयंत्रावरून उठून नाटकाला आलेल्या सतरा जणांना, दोर ओढणाऱ्या पोराला मिळत नाही. भूत ही मृतांची आठवण नव्हे. ती बरेचदा मृतांच्या विस्मरणावर चढवलेली रंगीत वेलबुट्टी असते. आणि सतरा जणांना मारले ते भुताने नव्हे, आगीनेही नव्हे, न पाहता मारलेल्या एका हाकेने मारले. म्हणून अफवेला मी निरुपद्रवी मानीत नाही.

आपल्या धर्मशास्त्रात मृतांना विचारण्याची मनाई आहे, हे आपण जाणता. शाऊल राजा वेष पालटून एन-दोरच्या स्त्रीकडे गेला, कारण तो भयभीत होता आणि शेमुएलवाचून त्याला कोणी उरले नव्हते. रंबम यांनी तर हा सारा प्रकार असत्य ठरवला. पण त्याच परंपरेने मृतांसाठी एक दार उघडे ठेवले आहे. आपण त्यांना प्रश्न विचारीत नाही, त्यांचे नाव घेतो. हश्काबा म्हणताना नाव घ्यावेच लागते. 'कोणी एक राखाडी गृहस्थ' म्हणून हश्काबा होत नाही.

त्या सफाईच्या बाईंना मी स्वतः जाऊन सर्व सांगितले. नळ, तुळया, उदबत्तीचा धूर, सारे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग त्या मुलाची नोंद वाचून दाखवली. त्यांनी त्याचे नाव दोनदा उच्चारले आणि म्हणाल्या, "बिचारा. माझ्या धाकट्याएवढा." पुढच्या सोमवारपासून त्या कामावर आल्या. शेवटचा दिवा मालवताना त्या वर पाहून त्याला नावाने निरोप देत असत. माझे तुळयांचे सगळे गणित ऐकून झाल्यावरही! सुरुवातीला मला ते लागले. मग उमगले, की भीती घालवायला माझे गणित लागले, पण रिकामी झालेली जागा त्या नावाने भरली. त्या मुलाच्या घराण्यातील मंडळी असतील, म्हणून नाव मी येथे छापायला देत नाही. नाट्यगृहाने ते एका लहान पितळी पट्टीवर कोरून माथ्याच्या शिडीपाशी लावले. स्क्रू मीच बसवले.

आता आपल्या तळघराविषयी. परवा मी खाली जाऊन अर्धा तास बसलो. किल्ल्या वाजतात, मुले खोटे सांगत नाहीत. पाण्याचा पंप सुरू झाला की भिंतीवरच्या विजेच्या पेटीचे झाकण थरथरते आणि त्याच्या साखळीची कडी आपटते. उद्या सकाळी मी तेथे रबराचा तुकडा लावणार आहे. पण लावण्याआधी मुलांनी यावे, पंप स्वतः सुरू करावा, स्वतःच्या कानांनी ऐकावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला, तर ती आणखी एक ऐकीव गोष्ट होईल.

आणि दुसरी विनंती मोठ्यांना. पुढल्या महिन्यात शमाशांची पहिली अझकारा आहे. मुलांना अवश्य आणा. तीस वर्षे भल्या पहाटे या इमारतीचे दार कोणी उघडले, थंडीत आधी येऊन चहाचे पाणी कोणी ठेवले, हे त्यांना सांगा. किल्ल्यांचा तो जुडगा आजही सेक्रेटरींच्या खणात आहे, तो त्यांच्या हातात द्या. ज्याचे नाव आणि चेहरा ठाऊक आहे, त्याचे मुले सहसा भय बाळगत नाहीत.

 ताटे वर आणायची आहेत. माझ्याबरोबर खाली कोण येते?